लाल डब्यातला चार नंबर

सर, आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहायला तुमच्याबरोबर वीस-पंचवीस वर्षं काम केलेली माणसं आहेत, तुमचे भाऊ आहेत, मित्र आहेत. मी तर कंपनीचा माणूससुद्धा नाही. कॉलेजनं पाठवलेला शिकाऊ, आठवड्यातले चार दिवस, तेही दहाच महिने. शिवाय मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि परीक्षेतली उत्तरं सोडली तर सलग दोन पानं मी कधी लिहिलेली नाहीत.

पण तुम्ही गेल्यावर तुमच्या घरी भेटायला आलो तेव्हा तुमच्या मुलीनं, प्राचीताईंनी, बाहेरच्या खोलीत एक वही ठेवली होती. बाबांबद्दल जे आठवेल ते लिहा, आपण छोटं पुस्तक काढू, असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या. मी वही घेतली आणि लिहिलं, 'दरेकर सर फार चांगले होते. त्यांनी मला खूप शिकवलं.' खाली नाव लिहिलं आणि वही मिटली. ते खोटं नव्हतं. पण तुम्ही वाचलं असतं तर कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला असतात, "अर्धं आहे." म्हणून आज रविवारी खोलीवर बसून वेगळ्या कागदांवर लिहितो आहे. पुस्तकात घ्यायचं की नाही ते ताईंनी ठरवावं.

पहिल्या दिवशी मी मंडईपासून दोन बस बदलून खराडीला पोचलो आणि आपली कंपनी शोधत अर्धा तास फिरलो. काचेच्या उंच इमारतींच्या मध्ये एवढा बुटका कारखाना असेल असं वाटलंच नाही. तुम्ही घड्याळ बघून विचारलंत, "कुठला?" मी म्हटलं, वाशीम. "मग बरोबर आहे. तिथून निघालास म्हणजे वेळेतच आलास." मला ते ओरडणं आहे की गंमत, हे कळायला पुढे महिना गेला.

मग तुम्ही मला टोपी, अंगरखा आणि बुटांवर चढवायच्या पिशव्या घालायला लावल्या आणि आत नेलंत. हातावर प्लास्टिकचा एक पारदर्शक कप ठेवलात, बोटाएवढा. सलाईन लावलेलं पाहिलंय का कधी, असं विचारलंत. ज्याच्यात थेंब थेंब पडताना दिसतं, तो हा कप. याला केसाएवढा तडा असला तर त्यातून हवा आत जाते, आणि ती कुठे जाते ते मी सांगायला नको, असं म्हणालात. समोर मशीन मिनिटाला शेकडो कप जोडून पुढे ढकलत होतं, वरून कॅमेरा प्रत्येकाचा फोटो काढत होता, आणि जो पसंत पडणार नाही तो हवेच्या एका फुंकरीनं लाल पेटीत उडत होता. मी भारावून गेलो होतो. म्हटलं, सर, हे तर माणसापेक्षा भारी आहे.

"भारी हाय. पण त्याला आपण दाखवलं तेवढंच दिसतं. आपलं काम मशीन चालवायचं न्हाई राऊत. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, ते ठरवायचं."

मग तुम्ही तो लाल झाकणाचा डबा उघडलात. आत कापसात सहा कप, प्रत्येकावर बारीक आकडा. एक नंबरमध्ये काळा ठिपका. दोन नंबर अर्धवट भरलेला. तीनमध्ये हवेचा बुडबुडा. चारला कडेपाशी केसासारखा तडा, तुमच्या भिंगाशिवाय मला दिसलाच नाही. पाचमध्ये गाळणी नव्हती. सहा नंबर मी खूप वेळ फिरवून बघत राहिलो आणि घाबरत म्हणालो, सर, याच्यात मला काहीच सापडत नाही. तुम्ही म्हणालात, काही नाहीच. तो चांगला आहे. सगळ्यांना वाईट म्हणणारं मशीनसुद्धा पाच पकडून दाखवतं, म्हणून सहावा चांगला.

रोज सकाळी माल सुरू करायच्या आधी हे सहा कप मशीनमधून जायचे. पाच लाल पेटीत पडले आणि सहावा सरळ पुढे गेला तरच लाइन सुरू. मग सहाच्या सहा चिमट्यानं उचलून, मोठ्यानं मोजून डब्यात. तुम्ही शाळेतल्या पोरासारखे मोजायचात, "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, डबा बंद." शालनताई, म्हणजे लाइनच्या मुख्य ऑपरेटर, मला हळूच म्हणाल्या होत्या की वीस वर्षं हेच ऐकते आहे, घरी डब्यात पोळ्या भरतानासुद्धा तोंडातून 'डबा बंद' निघतं.

शालनताईंनीच मला जुन्या दिवसांचं सांगितलं. तेव्हा कॅमेरे नव्हते. बायका ओळीनं बसून, मागे ट्यूबलाइट लावून, एकेक कप डोळ्यांनी तपासायच्या. मग बाहेरची मशीनं देशात येऊ लागली आणि एक दिवस लाकडी खोक्यांतून पहिला कॅमेरा आला. सगळ्या जणी धास्तावल्या. तुम्ही तेव्हा नवे होतात. तुम्ही वरच्या साहेबांना सांगितलंत म्हणे, की मशीनला वाईट कप कोणता ते शिकवायचं तर शिकवणार कोण? या बायकांनाच माहीत आहे. डब्यातले पहिले कप शालनताईंनी निवडलेले होते. हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत.

तुमच्याबरोबरचे बरेच जण नंतर सॉफ्टवेअरमध्ये गेले. तुमच्या घरची जमीन तर त्या काचेच्या इमारतींखालीच गेली, आणि तुम्हाला नोकरीची गरज काय, असं लोक तोंडावर विचारायचे. एकदा पॅनेल रूमच्या खिडकीतून बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "ती निळी काच दिसते ना, तिथं आमची ज्वारी असायची. आता तिथं कंपनी हाय. आणि माझी पोरगी कामाला कुठं जाते? हिंजवडीला. दोन तास बसमध्ये. याला प्रगती म्हणतात, लिहून घे."

मी खरंच वही काढली होती. तुम्ही खूप हसलात.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. तुम्ही सकाळीच मीटिंगमध्ये अडकला होतात आणि निरोप पाठवलात की राऊतला डबा चालवू दे, येतं त्याला. मला फार अभिमान वाटला. एक, दोन, तीन नीट गेले. चार नंबर चिमट्यातून निसटला. मशीनच्या सरकत्या पट्ट्याच्या कडेवर आपटून खाली स्टीलच्या पत्र्यावर पडला. मी उचलला. भिंगातून पाहिलं. तडा आधी नखाएवढा होता, तो आता अर्ध्या कपापर्यंत गेला होता. निदान मला तसं दिसलं.

तेव्हा काय करायचं हे मला माहीत होतं, सर. तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं: थांबायचं, सांगायचं, लिहायचं. मी आजूबाजूला पाहिलं. शालनताई पाठमोऱ्या होत्या. मी चार नंबर पट्ट्यावर ठेवला. मशीननं तो लगेच उडवला, उडवणारच, एवढा मोठा तडा आंधळ्यालाही दिसला असता. मी तक्त्यात 'सहापैकी सहा बरोबर' लिहिलं आणि सही केली. लाइन सुरू झाली.

हे वाचणाऱ्यांना वाटेल, यात एवढं काय झालं? मशीन तर तेच होतं. बरोबर आहे. कप सगळे चांगलेही असतील. पण कॅमेऱ्याचा दिवा हळूहळू मंद होतो, काचेवर धूळ बसते, आणि बारीक तडा दिसेनासा होतो. तो दिसतो की नाही हे रोज सकाळी विचारण्यासाठीच तर चार नंबर होता. मी प्रश्नच सोपा करून टाकला होता. त्या दिवसानंतर मशीन रोज बरोबर उत्तर देणार आणि त्या उत्तराला काही अर्थ उरणार नाही.

त्याच दुपारी तुम्ही सकाळचा सगळा माल परत कॅमेऱ्याखालून काढायला लावलात. लाइट जरा बदलल्यासारखा वाटतोय, परत काढलेला बरा, एवढंच म्हणालात. मी ट्रे उचलून देत होतो. मनात म्हणत होतो, परत काढून काय उपयोग, डब्यात तर माझाच चार नंबर आहे. तरी बोललो नाही. मला भीती वाटली, की शिकाऊ म्हणून मला परत पाठवतील, कॉलेजात कळवतील, आणि गावात बाबांना कुणीतरी सांगेल. बाबा गावाला पाणी सोडतात, पंचवीस वर्षं, ग्रामपंचायतीचा पंप. एकदाही उशीर झाला नाही म्हणून त्यांना मान आहे. त्यांचा मुलगा मशीनचा इंजिनिअर होणार, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

पहिला दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं अजून अवघड होतं. आदल्या दिवशी का नाही सांगितलंस, याचंही उत्तर द्यावं लागतं. मी रोज सकाळी डबा मोजायचो आणि चार नंबर हातात आला की दुसरीकडे बघायचो. एकदोनदा भिंग लावलं, तेव्हा मला तडा लांबच लांब दिसला.

दिवाळीला घरी गेलो तर आई तालुक्याच्या दवाखान्यात होती, तापानं. सलाईन चालू होतं. मी आत गेलो आणि आईकडे बघायच्या आधी वर बघितलं. आपला कप होता. बाजूच्या टोपलीत फाडलेलं पाकीट होतं, त्यावर आपली खूण आणि दिवाळीच्या आधीच्या महिन्याचा शिक्का. मी स्टुलावर बसून दुपारभर थेंब बघत राहिलो. कपाच्या कडेशी बुडबुडा येतो का, कुठे ओल दिसते का. आई म्हणाली, "काय पाहून राहिला रे तिकडे? मी इकडे हावो."

मी म्हटलं, काही नाही, आमच्या कंपनीचं आहे हे.

तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला हाक मारून सांगितलं, "पाहा, माह्या पोरानं बनवलं हे."

त्या बाईनं मान वर करून आपल्या सलाईनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचाही कप आपलाच होता. आई तिसऱ्या दिवशी घरी आली. पण शेजारच्या बाईचं ते बघणं माझ्याबरोबर पुण्याला आलं.

परत आल्यावर सांगायचं असं बसमध्ये पक्कं ठरवलं होतं. तुम्ही आईची चौकशी केलीत, घरचे अनारसे शालनताईंना आधी दिले म्हणून लटके रागावलात, आणि माझं धैर्य गेलं. मग मी दुसरा रस्ता शोधला. तो हुशारीचा आहे असं मला वाटलं होतं. फेब्रुवारीत एकदा चहाच्या वेळी मी म्हणालो, सर, डब्यातल्या नमुन्यांना मुदत असावी असं मला वाटतं. दर सहा महिन्यांनी सगळे बदलावेत.

"का?"

"हाताळून झिजतात."

"कुणाच्या हातानं?"

"कुणाच्याही, सर. सर्वसाधारण बोलतोय."

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. आवाज चढवला नाहीत. "सर्वसाधारण हाताला बोटं नसतात राऊत. मशीनसुद्धा थांबलं की सांगतं, कोणत्या सेन्सरवर अडलो. तू मशीनपेक्षा हुशार, कॉलेजात शिकलेला."

मी म्हटलं, नियम चांगला असेल तर माणूस कोण याला महत्त्व नसतं. तुम्ही म्हणालात, नियम चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण कारण न सांगता केलेला नियम दोन वर्षांत कुणीतरी काढून टाकतं, कारण तो का केला ते कुणालाच माहीत नसतं. मी म्हटलं, माणसाला भीती वाटत असेल तर तो कारण सांगणारच नाही, मग नियम तरी होऊ द्यावा. त्यावर तुम्ही चहा संपवलात. मग म्हणालात, लिहून आण. कारणासकट.

मी दोन पानं लिहून आणली. 'कारण' या मथळ्याखाली लिहिलं, 'हाताळणीमुळे होणारी झीज'. तुम्ही उभ्यानं वाचलंत, कागद परत दिलात आणि म्हणालात, "अर्धं आहे."

मला राग आला होता, सर. हे आज कबूल करतो. मला वाटलं, एवढी चांगली सूचना आहे आणि हे एका शब्दावर अडून बसलेत. पुढचे काही दिवस मी कामापुरतंच बोललो. तुम्हीही काही विचारलं नाहीत. फक्त डबा रोज मलाच चालवायला द्यायचात आणि मी मोजत असताना शेजारी उभे राहायचात. मग मार्च संपताना एक दिवस तुम्ही आला नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि तिसऱ्या दिवशी शालनताई टोपी न घालताच दारात उभ्या होत्या. ती दोन पानं अजून माझ्या बॅगेत आहेत.

तुमच्या घरी वही मिटून मी निघालो तेव्हा प्राचीताईंनी थांबवलं. "तुम्हीच का ते वाशीमचे? बाबा घरी सांगायचे तुमच्याबद्दल." मी विचारलं, काय सांगायचे. त्या जरा हसल्या. "म्हणायचे, त्या पोराला खोटं बोलता येत नाही. गप्प मात्र बसता येतं."

मी चप्पल घातली आणि बसस्टॉपपर्यंत चालत आलो. बस आली, गेली. दुसरीही गेली. मला वाटत होतं की मी तुमच्यापासून काहीतरी लपवलं आणि तुम्ही ते न कळताच गेलात. त्या वाक्यानंतर तसं वाटेना. पण तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही एक दिवसही लाइन चालू दिली नसतीत, हेही मला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकत्र बसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासणी विभागाच्या पाध्ये मॅडमकडे गेलो. नमुन्यांचं मूळ रजिस्टर त्यांच्या कपाटात कुलपात असतं, आम्हाला फक्त रोजचा तक्ता मिळतो. मी उभा राहून सगळं सांगितलं. चिमटा, पत्रा, तडा, सही, आईचं सलाईन, सगळं. म्हटलं, त्या सात महिन्यांतल्या प्रत्येक लॉटचे राखून ठेवलेले नमुने परत तपासा, आणि कॉलेजला कळवायचं असेल तर कळवा. मॅडमनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी तारीख विचारली, मी सांगितली. त्या म्हणाल्या, "बघते. बुधवारी या." त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही.

म्हणून हे लिहितो आहे, सर. बुधवारी काय होईल ते माहीत नाही. माझं काय होईल याची भीती आता तेवढी नाही. भीती त्या बाईच्या सलाईनची आहे, आणि तिच्यासारख्या, मला न दिसलेल्या लोकांची. तुम्ही मला मशीनवर किती विश्वास ठेवायचा ते शिकवलंत. तुम्ही माझ्यावर का ठेवलात, ते मला कळत नाही. पण ठेवलात, रोज सकाळी डबा हातात दिलात, त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं. आज बुधवार. आत्ताच मॅडमच्या खोलीतून आलो आणि पॅनेल रूममध्ये तुमच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून हे पुढचं लिहितो आहे.

मॅडमनी रजिस्टर उघडून माझ्यापुढे ठेवलं. तीच तारीख होती. मी सांगितलेली. तुमचं अक्षर. 'क्र. ४ चा तडा वाढलेला आढळला. नमुना बाद केला. त्याच प्रकारचा नवा नमुना शालनताईंकडून निवडून, तपासून लावला. सकाळपासूनचा सर्व माल नव्या नमुन्यानंतर पुन्हा तपासला. दोष नाही.' खाली तुमची सही, शालनताईंची, मॅडमची. वेळ दुपारी दोनची.

म्हणजे तुम्ही मला ट्रे उचलायला लावलेत तेव्हाच सगळं झालेलं होतं. सात महिने मी ज्या तड्याला भीत होतो, तो त्या डब्यात नव्हताच. आईच्या आणि शेजारच्या बाईच्या हाताला लागलेला कप नव्या चार नंबरनं पारखलेल्या मशीनमधून आलेला होता.

मी विचारलं, मग मला कुणी बोलावलं का नाही? मॅडम म्हणाल्या, "मी म्हटलं होतं बोलवा. ते म्हणाले, तो येईल. बोलावलं तर उत्तर देईल, आला तर शिकेल." मग त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. शेवटचा रकाना 'कारण'. तो भरल्याशिवाय नोंद बंद करता येत नाही, आणि बंद करायला एक महिन्याची मुदत असते. त्या रकान्यात तुम्ही लिहिलं होतं, 'माहितीची वाट पाहत आहे. मुदत वाढवावी.' त्याखाली पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याखाली पुन्हा. सात वेळा, प्रत्येक वेळी सही, तारीख. सातवी तुम्ही यायचं थांबलात त्याच्या चार दिवस आधीची.

मुदत संपली का, असं मी विचारलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "नाही. शुक्रवारपर्यंत आहे."